आवाज नसल्याचा ठराव

अहो मॅनेजर,

परवा तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला सगळा मांडव दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिला आणि भिंतीपलीकडं तुमच्या फोमच्या कारखान्याचं इंजिन घुमत राहिलं. कुणाला ते खटकलं नाही. चेअरमन आबासाहेब डोळे मिटून, पुढं हात बांधून उभे. त्यांच्या मागं संचालक मंडळ, सगळ्यांच्या माना खाली. पाण्याच्या पिंपावरचं झाकण त्या थरथरीनं किणकिणत होतं आणि ही मंडळी शांतता पाळत होती. मला हसू आलं. पदर तोंडाला लावला तर बहिणीला वाटलं मी रडते आहे, ती पाठीवरून हात फिरवायला लागली.

मग भाषणं झाली. तुम्ही ऐकली असतीत तर दोन दिवस जमिनीवर पाय ठेवला नसता. कुणी म्हणालं, उमरग्याचं नाव हैदराबादपर्यंत नेलं. हेडमास्तर म्हणाले, आवाजाला वेसण घालणारा शास्त्रज्ञ गेला. आबासाहेब म्हणाले, "आमच्या मॅनेजरनं फोमला आवाज खायला लावला." मेलेल्या माणसाबद्दल चार शब्द जास्त बोलायची आपल्याकडं रीतच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या माणसाच्या पाठीमागं इंजिन ओरडून सांगत होतं की हे खोटं आहे, आणि तरी माना डोलत होत्या. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले. लोक म्हणाले, बिचारीला दुःख झालंय. दुःख झालंच आहे. पण माझ्या पोटात होतं ते मांडवात बोलण्यासारखं नव्हतं.

तुमच्याशी मला भांडायचं आहे. भांडण अर्धं टाकून बाहेर पडायची तुमची खोड जुनीच. "केबिनात माणसं बसलीत," म्हणायचं आणि चपला घालायच्या. या वेळेला मात्र तुम्ही फारच लांबची केबिन गाठलीत.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते दुष्काळी कामावर. औरंगाबादला रसायनशास्त्र शिकत होतात, घरी खायला नाही म्हणून परत येऊन रस्त्याच्या कामावर हजेरी लिहायला लागला होतात. मी आईबरोबर खडी फोडत होते. नर्सिंगला नंबर लागला होता, जायचं होतं. खडी मोजायची पेटी असायची. तुमचा तो ओव्हरसियर बायकांची खडी मोजताना पेटी हलवायचा. हलवली की खडी खाली बसते आणि माप कमी भरतं. सगळ्यांना दिसायचं, बोलत कुणी नव्हतं, कारण मजुरांना खायची सुकडी वाटणारे हात त्याचेच. एके दिवशी तुम्ही पेन कानावर ठेवून उठलात आणि म्हणालात, "साहेब, पेटी एकदाच भरा. हलवली तर म्या ल्हिणार न्हाय."

"तू कोण रं?"

"म्या हजेरी ल्हिणारा. तुमी हलवा, म्या तसंच ल्हितो, की हलवली."

त्यानं पेटी हलवणं बंद केलं. अंगात सदरा फाटका, पायात टायरच्या चपला, आणि त्या माणसासमोर तुमची मान ताठ. घरी येऊन मी आईला म्हणाले, "त्यो हजेरीवाला बरा हाय." आईनं ओळखलं. माझं लग्न त्या हजेरीवाल्याशी झालं. संसार मात्र मॅनेजरशी करावा लागला, आणि या दोघांची एकमेकांशी ओळखही नसावी असं मला पुढं कितीदा वाटलं.

कारण मग सहकाराचं वारं सुटलं. जिकडं बघावं तिकडं सोसायटी, सोसायटीला चेअरमन, चेअरमनला जीप. आबासाहेबांच्या डोक्यात हायवेच्या कडेला फोमच्या गाद्यांचा कारखाना आला. टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या गावात गाद्या! पण हातांना काम मिळणार होतं म्हणून कुणी हसलं नाही. रसायनं कळणारा शिकलेला माणूस तालुक्यात एकच होता, म्हणून तुम्हाला बोलावणं आलं. वीज कधी येईल याचा नेम नव्हता, तेव्हा मोठं डिझेलचं इंजिन बसवलं. कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून सोसायटीनं बायाबापड्यांसाठी दवाखाना बांधला आणि तिथं मला नर्स म्हणून घेतलं. डॉक्टर बाजारच्या दिवशी सोलापूरहून यायचे. बाकीचे दिवस मी आणि इंजिन.

आबासाहेबांच्या घरी तुमच्या वडिलांसाठी वेगळा कप खिळ्याला टांगलेला असायचा. तोच आबासाहेब केबिनमध्ये तुमच्याबरोबर एका किटलीतला चहा प्यायला लागला. आपल्या आळीतून खुर्चीवर बसलेले तुम्ही पहिले. घरी येऊन तुम्ही आईंना ते दोनदा सांगितलंत. मीही त्या दिवशी गोड केलं होतं. त्या चहाचं मला तेव्हा कौतुकच वाटलं. तो चहा तुम्हाला गिळून टाकेल हे कुणाला ठाऊक होतं?

फोममधलं तुम्हाला कळत होतं, हे मी कुणापुढंही म्हणेन. दोन रसायनं पेटीत ओतली की ते पिवळसर पीठ फसफसत वर यायचं, बघता बघता माणसाच्या कमरेएवढा ठोकळा उभा राहायचा. तुम्ही तो गरम असतानाच त्याला हात लावून सांगायचात, आत छिद्रं उघडी राहिली की बंद झाली. गादीला कसलीही छिद्रं चालतात, पण आवाज मारायचा तर छिद्रं एकमेकांत उघडणारी पाहिजेत, हे मला तुम्हीच शिकवलंत. आवाज म्हणजे हवेचं हलणं. हवा त्या बारीक वाटांतून ये-जा करते, घासते, दमते आणि आवाज तिथंच विरतो. तुम्ही हे जेवताना सांगायचात, भाकरीचा पापुद्रा उचलून दाखवायचात. तेव्हा मला तुम्ही फार आवडायचात. नवरा बायकोला असलं काही समजावून सांगतो हे आपल्या आळीत कुणी पाहिलं नव्हतं.

आणि नर्सबाईचं काम सोडायला तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. सासरची माणसं म्हणायची, बाई माणूस, कुठल्याही घरी जाते, कुणाचंही रक्त काढते. तुम्ही म्हणालात, "तिचं काम माझ्या कामाहून मोठं हाय." सायकलच्या मागं माझी पेटी बांधून खेड्यापाड्यांत आला आहात. एवढं लक्षात ठेवूनच मी पुढचं बोलते आहे. विसरले असते तर बोलायचे कष्टही घेतले नसते.

फोमनं आवाज मारायचं वेड लागलं तेव्हा तुम्ही एका खोक्याला आतून चारी बाजूंनी फोमची शीट लावली आणि त्यात आपला ट्रान्झिस्टर ठेवला. झाकण लावलं. गाणारीचा आवाज गेला, बाजाची पेटी गेली, टाळ गेले. तुम्ही विजयानं माझ्याकडं बघितलंत. मी कान लावला आणि म्हणाले, "आवो, ढोलकी येतीया की."

"कुटं?"

"ही काय. धुम, धुम."

तुम्ही झाकण उघडलंत, लावलंत, पुन्हा उघडलंत. मग म्हणालात, "सेल उतरलेत." सेल उतरल्यावर गाणारी जाते आणि ढोलकी राहते, असा सेल मी तोवर पाहिला नव्हता. तेव्हाच तुम्हाला कळायला हवं होतं. बारीक आवाज फोममध्ये अडकतो, जाडा आवाज सरळ चालत बाहेर येतो. घोंगडी पांघरली की कुत्र्याचं भुंकणं कमी होतं, पण ट्रक गेला की खाट हलतेच. मला हे बाळाचे ठोके ऐकायच्या नळीमुळं कळलं होतं. तुम्हाला पुस्तकं वाचूनही कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

नळीचं तुम्हाला किती वेळा सांगितलं. लाकडाची ती वीतभर नळी पोटाला लावायची, दुसऱ्या टोकाला कान. बाळाचे ठोके उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखे येतात, दबके, जाडे. त्यांची चाल ठीक आहे की मंदावली आहे, यावरून बाई इथंच ठेवायची की सोलापूरला धाडायची ते ठरतं. माझ्याकडं दुसरं काय होतं? आणि नेमका तसाच जाडा घुमारा भिंतीपलीकडून दिवसभर. नळी लावली की बाळाऐवजी इंजिन ऐकू यायचं. मी तुमच्याकडं तक्रार घेऊन आले ती एवढीच.

तुम्ही म्हणालात, "खोलीच फोमनं मढवतो." मला आनंद झाला होता हो. आठवडाभर तुम्ही स्वतः भिंतीला, छताला, दाराला शीट चिकटवत होतात. केसांत डिंक. मी डबा घेऊन येत होते. त्या आठवड्यात मी तुमच्यावर जेवढी माया केली तेवढी पुन्हा कधी केली नसेल.

मग उद्घाटन. फीत, नारळ, सगळं संचालक मंडळ खोलीत दाटीवाटीनं. आबासाहेबांनी टाळी वाजवली. टाळी फोममध्ये विरली, हात नुसते एकमेकांवर आपटल्यासारखे वाटले. सगळ्यांना गंमत वाटली. मग एकेकानं वाजवून पाहिली. मोठी माणसं, पांढरी टोपी घातलेली, लहान पोरांसारखी टाळ्या वाजवत होती आणि "आवाजच न्हाय की!" म्हणत होती. बोलणं थांबलं की इंजिनाची घुं ऐकू येत होती, पण बोलणं थांबवतो कोण? तिथल्या तिथं मंडळाची सभा भरली. सूचक कुणी, अनुमोदक कुणी, आणि ठराव झाला, की खोलीत इंजिनाचा आवाज येत नाही हे मंडळानं प्रत्यक्ष टाळी वाजवून पाहिलं आहे. एकमतानं मंजूर. सहकारात एकदा हात वर झाले की विषय संपला, मग तो उसाचा असो, निवडणुकीचा असो की कानांचा.

मी दुसऱ्या दिवशी नळी लावली. आधी निदान व्हरांड्यातला गलका असायचा, ट्रकचे भोंगे असायचे, त्यांत इंजिन थोडं बुडायचं. आता फोमनं बाकीचं सगळं खाल्लं होतं आणि खोलीत एकटं इंजिन राज्य करत होतं. पहिल्यापेक्षा वाईट. मी तुम्हाला सांगितलं.

"तुज्या कानात मळ झाला असंल."

"मळ न्हाय, इंजिन हाय."

"टाळी वाजवून बघ."

"आवो, बाळ टाळी वाजवत न्हाय."

तुम्ही ताटावरून उठलात. केबिनात माणसं बसली होती.

त्याच आठवड्यात तुम्ही रसायनं आणायला हैदराबादला गेलात आणि येताना माझ्यासाठी मोत्याच्या कुड्या आणल्यात. तोवर तुम्ही मला हातरुमालसुद्धा आणला नव्हता. मी विचारलं, "आज कामून?" तुम्ही म्हणालात, "असंच." मी आरशात बघितलं, शेजारणींना दाखवल्या. खुळी कुठली.

पुढं "आवाजबंद फोम" म्हणून शीट विकायला लागल्या. लातूर, गुलबर्गा, सोलापूर, थेटरवाले नेऊ लागले. पाहुणा आला की तुम्ही त्याला आधी माझ्या खोलीत आणायचात. टाळी. हसणं. चहा. तपासायला झोपलेली बाई पदर सावरत उठून बसायची आणि साहेब लोक टाळ्या वाजवून जायचे. तुम्ही दारात उभं राहून मला म्हणायचात, "सिस्टर, जरा सांगा पावण्यांना." चारचौघांत मी तुमची सिस्टर. मी म्हणायचे, "टाळीचा आवाज येत न्हाय." त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तुम्हाला तेवढंच हवं असायचं.

शेवटी मी माझी सोय बघितली. हायवे ओलांडून, ओढ्याच्या पलीकडं कडुनिंबाचं झाड होतं, तिथवर इंजिन पोचत नव्हतं. मी तिथं बाज टाकली. दोघीतिघींनी लुगडी धरायची, आडोसा झाला की मी नळी लावायची. ऊन, फुफाटा, वरून लिंबोळ्या. पण बाळ ऐकू यायचं. मग बायाच तिथं परस्पर यायला लागल्या. यष्टीचा कंडक्टर ओरडायचा, "झाडाखालचा दवाखाना, उतरा!" फोमनं मढवलेली खोली पाहुण्यांसाठी कुलपात, आणि दिवस राहिलेल्या बाया हायवे ओलांडून रानात. तुम्ही केबिनच्या खिडकीतून हे रोज बघत होतात. तुम्हाला लाज कशी वाटली नाही, हे मी किती वेळा विचारलं. तुम्ही म्हणायचात, "तिकडं हवा चांगली हाय."

आणि मग माकणीची शेवंता. तिचं नाव घेतलं की तुम्ही भिंतीकडं तोंड करायचात, आता कुठं करता बघते. पहिलटकरीण, धरणाच्या कामावरच्या जीपमधून आणलेली. वैशाख होता, सकाळपासून असलं वारं सुटलं होतं की झाडाखाली उभं राहवत नव्हतं, ऐकायचं तर लांबच. जीप दारात उभी. ड्रायव्हर म्हणत होता, "बाई, लवकर सांगा, ठिवायचं का सोलापूरला न्यायचं. मला वापस जायाचंय." ठोके बरे असतील तर ठेवायचं, रस्ता लांबचा होता. मंद असतील तर त्याच पावली धाडायचं. मी नळी लावली. इंजिन. तिची कूस बदलली, दुसऱ्या बाजूनं लावली. इंजिन.

मी पळत तुमच्याकडं आले. तुमच्या केबिनमध्ये सोलापूरचे थेटरवाले बसले होते, आबासाहेब होते, ताटलीत बिस्किटं होती. मी म्हणाले, "इंजिन जरा बंद करा. ठोके ऐकायचेत."

थेटरवाल्यांनी तुमच्याकडं बघितलं. आबासाहेबांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही.

"सिस्टर, खोलीत आवाज येत न्हाय. ठराव झालेला हाय."

"आवो, पाया पडते. पाच मिन्टं."

"पेटीत माल वतलाय. इंजिनावरचा पंखा थांबला तर ठोकळा जाईल समदा." आणि मग तुम्ही हसून पाहुण्यांना म्हणालात, "बाया घाबरत्यात जरा."

इंजिन बंद करायची कळ तुमच्या हाताच्या अंतरावर होती. मी उडी मारून ती खाली ओढायला हवी होती असं लोक म्हणतील. रखवालदारानं मला दारातच अडवलं होतं, तुमच्याच खुणेनं. मी परत गेले. हातानं पोट चाचपून अंदाज बांधला, अंदाजानं तिला ठेवून घेतलं. जीप गेली. दुपारी बाळ झालं, मुलगा, गळ्यात नाळेचे वेढे, निळा. मी त्याला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडानं हवा दिली. शेवंता विचारत होती, "रडंना कामून? बाई, रडंना कामून त्ये?" त्या खोलीत तिचा आवाजही फोमनं खाल्ला. इंजिन चालू होतं.

तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. मी वाट बघितली. तुम्ही काही बोलाल, निदान "चुकलं" एवढं. सकाळी तुम्ही दाढी केलीत, इस्त्रीचा सदरा घातलात आणि गेलात. आठ दिवसांनी कुणीतरी विषय काढला तर तुम्ही म्हणालात, "नाळ अडकली हुती. त्याला कोण काय करणार?" नाळ अडकली होती हे खरंच होतं. अर्धं खरं बोलायची कला तुम्ही त्या केबिनात शिकलात, आणि चांगली शिकलात.

मग ती रसायनं तुमच्या छातीत उतरली. खोकला, दम, सोलापूरच्या चकरा. शेवटच्या आठवड्यात मी तुम्हाला कण्यांची पेज भरवत होते. इंजिन चालू होतं, त्याची थरथर घरापर्यंत यायची. तुम्ही बराच वेळ ते ऐकत होतात. मग म्हणालात,

"हातभर जाड पायजे हुता."

"काय?"

"फोम. हातभर जाड. जाड्या आवाजाची लाट लांब असती, बोटभर शीटला ती मोजत न्हाय. आन भिंतीला चिकटवून न्हाय लावायचा, मागं पोकळी सोडायची. पुढं भोकाची फळी. आन इंजिनाच्या बुडाखाली पण द्यायचा, म्हंजी जमिनीतून येत न्हाय."

दम लागला होता तरी तुम्ही हातानं दाखवत होतात, फळी इथं, पोकळी इथं. डोळ्यांत जुनी चमक. एवढं सुंदर तुम्ही कितीतरी वर्षांत समजावून सांगितलं नव्हतं. मी चमचा हातात धरून ऐकत होते. मी विचारलं, "हे तुमाला कवा कळलं?"

तुम्ही डोळे मिटलेत.

"हैदराबादेत. रसायनवाल्याच्या इंजिनियरनं सांगितलं."

म्हणजे उद्घाटनाच्या त्याच आठवड्यात. म्हणजे कुड्या आणल्यात तेव्हा. म्हणजे शेवंता येण्याच्या कितीतरी आधी. मी उरलेली पेज तुम्हाला भरवली. तोंड पुसलं. मला काय वाटलं ते बोलून दाखवलं नाही, कारण मरणाऱ्या माणसाशी भांडायचं नसतं असं आपल्याला शिकवलेलं आहे. फार चुकीचं शिकवलं आहे.

तुम्ही अडाणी असतात तर मी क्षमा केली असती. तुम्ही दुष्ट असतात तर सोडून गेले असते. तुम्ही भित्रे निघालात, मॅनेजर, आणि भित्र्या माणसाचं बायकोनं काय करावं ते कुणी सांगत नाही. मला कळतं, तुम्ही कशाला भ्यायलात. ठराव चुकला म्हटलं असतं तर आबासाहेबांचं हसू झालं असतं, फोमचा खप गेला असता, आणि मग "शेवटी कोण बसवला होता खुर्चीत" असं सगळा गाव म्हणाला असता. आपल्या आळीतल्या पुढच्या पोराला त्या दारात उभं केलं नसतं. हे ओझं खरं होतं, मी ते हलकं लेखत नाही. पण खुर्ची गेली असती तर आपण खडी फोडली असती हो. मला येत होती. तुम्हाला हजेरी लिहिता येत होती.

एवढं सगळं मी तुम्हाला मनात सुनावून ठेवलं होतं आणि परवा मांडवात बसून तेच घोळवत होते. त्रिशरण पंचशील झालं, जेवणं झाली, माणसं पांगली. शेवंता आली होती. माकणीहून यष्टीनं, पांढरं लुगडं नेसून. तिला पुढं दोन मुली झाल्या, दोन्ही वेळेला तिला मीच तपासलं, झाडाखाली. दर खेपेला येताना ती मला हरभऱ्याची भाजी नाहीतर चार कणसं आणायची. मी ठरवलं होतं की तिला सांगायचं. तिचं पोर नशिबानं गेलं नाही, माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं आणि तो गप्प बसला, हे तिला कळण्याचा हक्क आहे. सांगितलं.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ठावं हाय की, बाई."

मला समजेना.

"त्याच साली आल्ते सायेब. सायकलवर. उंबऱ्यावर बसले आन लई रडले. म्हणले, मला ठावं हुतं, म्या बंद केलं न्हाय, माज्यामुळं गेलं तुजं लेकरू. आमच्या मालकानं त्यांना पाणी दिलं." मग ती म्हणाली, "रडले लई. पर इंजिन काय बंद झालं न्हाय."

एवढ्या वर्षांत तुम्हाला असं अचूक कुणी ओळखलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तुम्ही परक्या उंबऱ्यावर जाऊन रडलात. माझ्या ताटासमोर बसून तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही. माझ्यापाशी रडला असतात तर मी तुम्हाला काय केलं असतं? शिव्या दिल्या असत्या, आणि मग दोघं मिळून जाऊन ती कळ ओढली असती. तेच तुम्हाला नको होतं.

मी शेवंताला म्हणाले, "मला म्हाईत नव्हतं गं. मला आत्ता, या म्हयन्यात कळलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. समजूत घातल्यासारखं.

"आसू द्या, बाई. झालं गेलं. मला वाटलं तुमीच लावून दिलं आसंल त्यांना. तोंडानं सांगाया जड जातंय म्हणून."

"न्हाय शेवंता. खरंच ठावं नव्हतं."

"नवराबायकूत आसलं कुटं झाकून ऱ्हातंय व्हय?" ती म्हणाली, आणि माझा हात थोपटून यष्टी गाठायला निघाली.

म्हणजे इतकी वर्षं ती माझ्यासमोर बाजेवर झोपत होती, पोटावर माझी नळी घेत होती, मला कणसं आणून देत होती, आणि तिला वाटत होतं की मला सगळं ठाऊक आहे. सगळं ठाऊक असून मी तिच्या डोळ्यांत बघते आहे. तिनं मला क्षमा करून टाकली होती. न केलेल्या गुन्ह्याची. मी आता माकणीला जाऊन तिच्या उंबऱ्यावर डोकं आपटलं तरी ती "आसू द्या, बाई" म्हणणार.

तिला खरं सांगू शकेल असा एकच माणूस होता. त्याला ती ओळखत होती, त्याच्यावर तिचा विश्वास बसला असता. तुम्ही नुसतं एवढं म्हणायचं होतं की, माझ्या बायकोला माहीत नाही. सायकलवर बसून एकदा एवढ्या लांब गेलाच होतात, अहो, तिथं हे एक वाक्य बोलायला तुमचं काय जात होतं?